नव्या भुतासाठी एक शो ठेवा : चित्रपट निर्माते आणि वितरकांना सोलापुरातून पत्र

हिंदी आणि मराठी चित्रपटांचे निर्माते आणि वितरक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरचा. तीस वर्षं चादरीच्या कारखान्यांत डिझाईनचं काम केलं. ग्राफ पेपरवर चौकोन रंगवायचे, त्यावरून कार्डं पंच करायची, ती माळेसारखी ओवून जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढवायची. चादरीवर मोर असो की कोयरी, आडव्या धाग्याच्या एकेका ओळीला एकेक कार्ड लागतं. एक भोक चुकलं की मोराचा डोळा मानेवर येतो. सिनेमाच्या धंद्याशी माझा संबंध तिकीट काढण्यापुरता. पण धंदा कसा चालतो हे मी जवळून पाहिलं आहे, म्हणून भयपटांच्या त्याच त्या दुसऱ्या-तिसऱ्या भागांबद्दल लिहायला बसलो.

आमच्याकडे एखादी डिझाईन चालली की मालक तीच चालवतो. लाल-पांढरी होती ती हिरवी-पांढरी करतो, काठ बोटभर रुंद करतो आणि नवी म्हणून बाजारात देतो. मी त्याला नावं ठेवणार नाही. नवी कार्डं करायची म्हणजे पंधरा-वीस दिवस मोडतात, तेवढे दिवस माग अडतो, आणि एवढं करून चादर उठेल याची हमी कोणी देत नाही. कामगारांचा पगार मात्र ठरल्या दिवशी द्यावाच लागतो. तेव्हा तुमच्या चाललेल्या सिनेमाचा तिसरा आणि चौथा भाग का निघतो, ते मला समजतं.

पण चादर अंगावर घ्यायची असते. लाल काय अन् हिरवी काय, ऊब तेवढीच. भयपटाचं तसं नसतं. तिथं माणूस पैसे देतो ते घाबरण्यासाठी, आणि घाबरतो तो माहीत नसलेल्या गोष्टीला. मारामारीच्या सिनेमाचा दुसरा भाग निघाला तर मारामारी तरी पदरात पडते, विनोदी सिनेमाचा निघाला तर चार जुने विनोद पुन्हा ऐकून माणूस हसतो. भयपटाचा दुसरा भाग निघतो तेव्हा भूत ओळखीचं झालेलं असतं, म्हणजे ज्याचे पैसे घ्यायचे तेच दुकानात शिल्लक नसतं. माझं सगळं म्हणणं एवढ्यावर उभं आहे.

२०२४ ची दिवाळी आठवा. १ नोव्हेंबरला दोन मोठे हिंदी चित्रपट लागले, ‘सिंघम अगेन’ आणि ‘भूल भुलैया ३’. दोन्ही आपापल्या मालिकेतले तिसरे. घरात पाहुणे होते, मुलं सुट्टीला आलेली, फराळाच्या ताटांभोवती बसून कुठला बघायचा यावर बोलणं झालं, ते हा तिसरा भाग की तो तिसरा भाग एवढंच. त्याआधी १५ ऑगस्टला ‘स्त्री २’ येऊन गेला होता, नंतर डिसेंबरात ‘पुष्पा २’ आला. त्या वर्षी हिंदीत सर्वांत जास्त चाललेले सिनेमे बघा, वरच्या नावांपुढे आकडे आहेत.

‘स्त्री २’ मी नातवासोबत पाहिला. हसलो, मजा आली, खोटं कशाला बोलू. पण घाबरलो नाही, आणि नातूही घाबरला नाही. पहिल्या भागात जिच्या नावानं गावातले पुरुष रात्री घराबाहेर पडत नव्हते, ती दुसऱ्या भागात त्याच गावाची राखणदार झाली होती. भीतीसाठी वेगळं, बिनडोक्याचं भूत आणावं लागलं. लिहिणाऱ्यांचा दोष मी म्हणणार नाही. ओळख झालेलं भूत घरचं माणूस होतं, त्याला कोणी काय करणार.

आणि पहिल्या भागातली ती भीती कुठून आली होती? कर्नाटकातल्या ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, या दंतकथेवरून. कर्नाटकची हद्द आमच्यापासून तासाभरावर आहे, आणि आमच्या शहराच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात, त्यामुळे ही गोष्ट माझ्या कानावर सिनेमाच्या कितीतरी वर्षं आधी आली. शेजारी एक अक्का विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, टोक दुमडून आत दाबायचं. हात असे चालायचे की डोळे रिकामेच असायचे, गोष्ट सांगायला. रात्री एक बाई दार वाजवते, घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात हाक मारते. दार उघडलं की संपलं. म्हणून दारावर लिहून ठेवायचं, ‘ओ स्त्री, रेपु रा.’ बाई, उद्या ये. ती वाचते, परत जाते, दुसऱ्या दिवशी पुन्हा येते, पुन्हा वाचते.

अक्कांचा आवाज भीतीच्या जागी कधी चढला नाही. उलट हात थांबायचे. ‘अन् तिनं तुझ्या आईच्या आवाजात हाक मारली तर?’ असं म्हणून त्यांचे हात थांबले. मी सुपातल्या पानांवरच्या ओल्या फडक्याकडे बघत बसलो, कारण त्याच वेळी मागच्या गल्लीतून माझी आई मला जेवायला हाका मारत होती. तीन हाका झाल्या तरी मी उठलो नाही.

पन्नास वर्षं होत आली त्याला. तुमच्या चौथ्या आणि पाचव्या भागांतलं एखादं दृश्य मला पन्नास दिवस तरी आठवतं का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं आहे.

आता नावाबद्दल. २००७ चा ‘भूल भुलैया’ हा १९९३ च्या मल्याळम ‘मणिचित्रताळु’वरून केलेला. त्या गोष्टीचा प्राणच हा की भूत नाहीच, मनाचा आजार आहे, आणि तो ओळखणारा डॉक्टर आहे. २०२२ च्या दुसऱ्या भागात खरंखुरं भूत आलं. म्हणजे नाव ठेवलं, हवेली ठेवली, गाणं ठेवलं आणि ज्या एका विचारासाठी तो सिनेमा वेगळा होता तो काढून टाकला. ‘राज’चे २००२ पासून २०१६ पर्यंत चार सिनेमे निघाले, ‘१९२०’च्या मालिकेत २००८ पासून २०२३ पर्यंत पाच. त्यांतल्या बऱ्याच गोष्टींचा एकमेकींशी संबंध पाटीपुरता. भयपटाबाहेरही तेच चाललं आहे. आमच्या जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी करमाळ्याच्या मातीत ‘सैराट’ केला, २०१६ साली. त्यावरून २०१८ ला हिंदीत ‘धडक’ झाला. मग २०२५ मध्ये ‘धडक २’ आला, आणि तो निघाला ‘परियेरुम पेरुमाळ’ या तमिळ चित्रपटाचा रिमेक. ती गोष्ट मोलाची आहे, जातीच्या प्रश्नावर बोलणारी आहे. तिला स्वतःचं नाव का मिळू नये? आमच्या चादरीला भौगोलिक मानांकन घ्यावं लागलं, कारण माल कुठला तरी आणि लेबल सोलापूरचं, असं बाजारात होत होतं. लेबल एकाचं आणि माल दुसऱ्याचा हे आम्हाला लांबूनही ओळखू येतं.

तुम्ही म्हणाल, नवीन आणायचं कुठून. रात्रीच्या उसात कधी उभे राहिला आहात?

माझ्या मामाचं शेत मोहोळ तालुक्यात. शेतीपंपाची लाईट आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री, असा प्रकार. रात्रीची पाळी असली की मध्यरात्री उठून दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला, जावं लागे. मी तेव्हा सातवी-आठवीत. ऊस डोक्याच्या वर गेलेला. अंधारात पाणी दिसत नाही, ऐकू येतं. सरीतून वाळल्या पाचटाखालून ते पुढं सरकतं तेव्हा कोणीतरी कुजबुजत चालल्यासारखं वाटतं, आणि त्या आवाजावरून पाणी कुठवर पोचलं ते कळतं. मामा वरच्या अंगाला, मी खाली. एका रात्री तो आवाज थांबला. पाणी संपलं असतं तर आधी बारीक होत गेलं असतं, हे थांबलं ते एकदम. मी मामाला हाक मारली. ‘घुशीनं बीळ पाडलं असंल, बघ जरा’, असं उत्तर आलं, पण आलं ते मामा जिकडं असायला हवा होता त्याच्या बरोबर उलट्या बाजूनं. टॉर्च हातात होती. ती त्या बाजूला मारायची माझी छाती झाली नाही.

त्यात भूत नव्हतं. मामा बांधावरून फिरून पलीकडं गेला होता, इतकंच. पण ती भीती त्या शेताची होती, त्या वीजवाटपाची होती, मध्यरात्री पोराला उसात उभं करणाऱ्या गरजेची होती. विशाल फुरिया यांनी २०१७ मध्ये मराठीत ‘लपाछपी’ केला तेव्हा उसाच्या फडातलं घर घेतलं आणि त्यात स्त्रीभ्रूणहत्येचा विषय गुंफला. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात राहणाऱ्याला तो ऊस खरा वाटला. २०२१ मध्ये त्यांनीच तो हिंदीत ‘छोरी’ म्हणून केला, देशभर पाहिला गेला. मूळ मराठी सिनेमा मात्र आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी पाहिलाच नव्हता. हिंदी बघून झाल्यावर त्यांना कळलं की हे आपल्याच भाषेत आधी झालं आहे. हे मला लागलं.

एक गोष्ट पोटतिडकीनं सांगतो. दचकणं निराळं आणि घाबरणं निराळं. कानाशी लवंगी फोडली तरी माणूस दचकतो. सगळं शांत करायचं, दार करकरवायचं आणि मग एकदम धाडकन् संगीत आदळायचं, हे आमच्या पोरांना आता तोंडपाठ आहे. थिएटरात ती कानांवर हात ठेवून आधीच मोजतात, एक, दोन, तीन. आवाज मोठा करण्यापेक्षा एखादा चालू असलेला आवाज थांबवून बघा.

आता ‘तुंबाड’बद्दल लिहितो, कारण हे पत्र लिहायला बसलो ते त्याच्यामुळं. राही अनिल बर्वे या मराठी मुलाला १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्रानं भयकथालेखक नारायण धारपांची गोष्ट सांगितली. छापील नव्हे, तोंडी. अक्कांनी मला सांगितली तशीच. ती त्याच्या मनात राहिली. १९९७ ला, अठराव्या वर्षी, त्यानं पहिला मसुदा लिहिला. पुढं सातशे पानांचा स्टोरीबोर्ड, म्हणजे एकेका दृश्याची चित्रं, काढला. सातशे पानं! मी ग्राफ पेपरवर आयुष्य घालवलेला माणूस आहे, त्या आकड्यामागं किती रात्री असतात ते मला कळतं. निर्माते आले आणि मागं फिरले. शेवटी सोहम शाह यांनी तो उचलून धरला, स्वतः काम केलं, पावसासाठी पावसाळ्यांमागून पावसाळे थांबले, आणि १२ ऑक्टोबर २०१८ ला तो लागला.

मी रात्रीच्या खेळाला गेलो होतो. पंचवीस-तीस जण असू. त्या पिठाच्या बाहुल्या, तो न थांबणारा पाऊस, आणि दर वेळी मूठभर नाणी घेऊन बाहेर येणारा तो माणूस. बाहेर पडल्यावर गाडी सुरू करायच्या आधी मी खिसा चाचपला, का ते सांगता येणार नाही. चार दिवसांनी मुलाला घेऊन गेलो तर शो बदललेला, आणि पुढच्या आठवड्यात बोर्डावरून नावच गेलं. लोकांनी एकमेकांना सांगावं, त्यातून कोणी यावं, एवढा अवधीच त्याला मिळाला नाही. मग लोकांनी तो घरी मोबाईलवर पाहिला, एकानं दुसऱ्याला सांगितलं, असं करत सहा वर्षं गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. या वेळी माझ्या शेजारी कॉलेजची पोरं होती, संवाद पाठ असलेली.

यातून तुमच्या हिशेबाच्या वहीत काय लिहिलं जायला हवं होतं? की असला सिनेमा हळू पेटतो, त्याला दोन-तीन आठवडे द्या. लिहिलं गेलं ते असं की ‘तुंबाड २’ काढा. घोषणा त्याच आठवड्यात झाली, आणि पहिल्याचे दिग्दर्शक त्यात नाहीत. ज्यांनी पैसा आणि जीव ओतून पहिला उभा केला त्यांना दुसरा काढायचा हक्क आहे, तो मी नाकारत नाही, आणि तो चांगला निघाला तर मी दोनदा बघेन. पण सातशे पानं काढणाऱ्या माणसाची पुढची सातशे पानं, निराळ्या नावाची, निराळ्या गोष्टीची, ती पडद्यावर यावीत यासाठी कोणी तितकीच घाई केली असती तर मला जास्त आनंद झाला असता.

धारपांबद्दल थोडं, कारण अस्सल कशाला म्हणायचं हा प्रश्न तुम्ही विचारालच. धारपांनी इंग्रजी भयकथांवरून पुष्कळ घेतलं, हे त्यांच्या वाचकांना ठाऊक आहे. पण घेतलेलं भूत ते पुण्याच्या वाड्यात राहायला आणत, माजघरात बसवत, तिथली माणसं आपल्यासारखी बोलत. शाळेत असताना वाचनालयातून त्यांचं पुस्तक आणायचो तर पाठीमागची पानं कोणीतरी फाडलेली असायची, आणि शेवट काय असेल या विचारात आठवडा जायचा. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत तर कित्येकदा भूतही नसे. नुसता एक साधा, सरळ माणूस असे, आणि शेवटच्या ओळीत कळे की तो साधा नव्हता. या दोघांच्याच कथा काढल्या तरी तुमची दहा-पंधरा वर्षं निघतील. फक्त हक्क रीतसर घ्या, घरच्यांना पैसे द्या आणि लेखकाचं नाव पडद्यावर वाचता येईल इतकं मोठं ठेवा. आणि मुंजा, हडळ, समंध, खवीस, जखीण, चकवा, या प्रत्येकाची जागा वेगळी आहे, नियम वेगळे आहेत. आदित्य सरपोतदार यांनी २०२४ मध्ये कोकणातला मुंजा हिंदीत नेला, मोठा नट नसताना तो धो धो चालला. लोकांना इथलं भूत नको आहे, असं आता कोणी म्हणू शकत नाही.

पण तो आणि ‘स्त्री २’ काढणाऱ्या कंपनीनं जानेवारी २०२५ मध्ये २०२८ पर्यंतच्या आठ चित्रपटांची यादी तारखांसकट जाहीर केली, तेव्हा मी जरा बसलोच. तारीख आधी ठरली की गोष्टीला त्या तारखेला बाळंत व्हावंच लागतं.

दोष आम्हा प्रेक्षकांचाही आहे, तो झाकणार नाही. अमेरिकेत १९७८ ला ‘हॅलोवीन’ अगदी थोड्या पैशांत झाला. १९८२ मध्ये त्याच लोकांनी ठरवलं, तिसऱ्या भागापासून दर वेळी नवी गोष्ट सांगायची, मुखवटेवाला खुनी नको. प्रेक्षक चिडले, आमचा मुखवटेवाला कुठे आहे म्हणाले. १९८८ ला त्याला परत आणावं लागलं, आणि २०२२ पर्यंत त्या नावाचे तेरा सिनेमे झाले. म्हणजे सवय आम्हीच लावतो. पण सवय मोडायची सुरुवात ज्याच्या हातात बोर्ड आहे त्यालाच करावी लागते. केरळात २०२४ मध्ये मामूट्टींसारखा सत्तरी ओलांडलेला मोठा नट ‘भ्रमयुगम’मध्ये, रंगही नसलेल्या सिनेमात, एका पडक्या वाड्याचा मालक होऊन बसला. तीन-चार माणसं आणि पाऊस. तिथल्या लोकांनी तो पाहिला, डोक्यावर घेतला.

माझं मागणं फार नाही. तुमचे दुसरे-तिसरे भाग काढा, त्यावर पगार होतात. पण नवा, बिनआकड्याचा भयपट आला तर आमच्यासारख्या शहरात त्याला दोन आठवडे एक शो द्या, आणि तो रात्रीचा द्या. सकाळी दहाच्या उन्हातून आत गेलेल्या माणसाला भूत दाखवू नका. त्या एका शोमध्ये खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर पहिल्या आठवड्याला रागावू नका. आणि मराठी निर्मात्यांना वेगळं सांगतो, हिंदी रिमेकची वाट बघत तुमचा सिनेमा गुपचूप लावून गुपचूप काढू नका. आमच्या चौकात पोस्टर तरी लागू द्या.

आणि एकदा सोलापूरला या. जानेवारीत या, गड्ड्याची यात्रा असते, सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांच्या काठ्या निघतात, गावभर माणूस जागा असतो. तुमच्यातल्या कोणा लेखकाला पाठवलंत तरी चालेल. त्या अक्का अजून आहेत. डोळे अधू झाले, विड्या सुटल्या, पण दुपारी उंबऱ्यात बसतात आणि विचारलं की सांगतात. त्यांच्याकडे एका बंद पडलेल्या गिरणीच्या भोंग्याची गोष्ट आहे, रात्रपाळीला बोलावणारा भोंगा, गिरणी बंद झाल्यावरही एकाच घराला ऐकू येणारा. मी ती दोनदा ऐकली आहे, दोन्ही वेळा शेवट निराळा होता. बसायला सतरंजी आणि खायला शेंगाचटणी-भाकरी माझ्याकडून.

आपला,
सोलापूरचा एक प्रेक्षक